निवृत्तीनंतर रेल्वेने युरोप : आखणी आणि हिशेब

सेवानिवृत्तीच्या दिवशी हार-तुरे स्वीकारताना बहुतेकांच्या मनात एखादी राहून गेलेली इच्छा जागी असते. कोणाला चारधाम यात्रा करावयाची असते, कोणाला गावी घर बांधावयाचे असते, तर कोणाला युरोप पाहावयाचा असतो. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ १९६० साली प्रसिद्ध झाले. ते तरुणपणी वाचलेल्या पिढीच्या मनात लंडन-पॅरिसने तेव्हापासून घर केलेले आहे. जबलपूरच्या राईट टाऊन, नेपियर टाऊन, गोलबाजार भागांतील मराठी कुटुंबांत आयुध निर्माणी, रेल्वे, वीज मंडळ, न्यायालय व बँका यांतून निवृत्त झालेली मंडळी मोठ्या संख्येने आहेत. निवृत्तिवेतनाच्या निमित्ताने ती बँकेत येतात आणि परदेशप्रवासासंबंधी विचारणाही करतात. अशा वाचकांसाठी, विशेषतः समूह-सहलीऐवजी स्वतः आखणी करून रेल्वेने युरोप पाहू इच्छिणाऱ्या दाम्पत्यांसाठी, हा अभ्यासलेख आहे.

या लेखाचे सार तीन सूत्रांत सांगता येईल. मुक्काम थोडे असावेत. प्रवासाचा निधी स्वतंत्र असावा. आणि पैशाचे व्यवहार पती व पत्नी दोघांनाही करता यावेत. यांपैकी एकही सूत्र सुटले, तर आनंदासाठी काढलेला प्रवास पुढील अनेक वर्षांची चिंता होऊन बसतो.

जबलपूर आणि युरोपची वाट

जबलपूरला रेल्वे नवी नाही. अलाहाबादहून येणारा ईस्ट इंडियन रेल्वेचा फाटा १८६७ साली येथे पोहोचला आणि मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे मार्च १८७० मध्ये येथेच त्याला येऊन मिळाली. मुंबई आणि कलकत्ता ही दोन शहरे लोहमार्गाने प्रथम जोडली गेली ती जबलपुरात. त्याच्या काही महिने आधी, नोव्हेंबर १८६९ मध्ये, सुएझ कालवा खुला झाला होता. त्यामुळे युरोपातून कलकत्त्यास जाणारा प्रवासी मुंबईस उतरून जबलपूरमार्गे पुढे जाऊ लागला. ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ या कादंबरीची कल्पनाही हिंदुस्थान ओलांडणाऱ्या याच नव्या लोहमार्गावर उभी आहे. तात्पर्य, दीडशे वर्षांपूर्वी युरोपचा प्रवासी आपल्या स्थानकावरून जात होता. आता आपण त्यांच्या स्थानकांवरून जावयाचे आहे.

जबलपूर-नैनपूर-गोंदिया या सातपुड्यातील छोट्या गाडीने ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना संथ प्रवासाचे सुख वेगळे समजावून सांगावयास नको. या मार्गाचा जबलपूर-नैनपूर भाग २०१५ साली रुंदीकरणासाठी बंद झाला व पुढे मोठ्या गाड्या सुरू झाल्या. तरी खिडकीतून दिसणारी वने आणि घाट पुष्कळांच्या स्मरणात आहेत. युरोपातील रेल्वेप्रवासाचे खरे आकर्षणही तेच आहे.

निवृत्तांस रेल्वेच का?

मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्यांनी मराठी माणसाला युरोप दाखविला, ही गोष्ट निर्विवाद आहे. ओळखीची भाषा, आवडीचे जेवण आणि सोबतीला व्यवस्थापक ही त्यांची जमेची बाजू. परंतु त्यांचा कार्यक्रम बहुधा मर्यादित रजा असणाऱ्यांच्या सोयीने बेतलेला असतो. पहाटे उठणे, सामान बाहेर ठेवणे, दिवसभर बसमध्ये बसणे आणि दर एक-दोन दिवसांनी हॉटेल बदलणे हे पासष्टीच्या गुडघ्यांना मानवतेच असे नाही.

निवृत्त व्यक्तीकडे नोकरदाराजवळ नसलेली एक ठेव असते. ती म्हणजे वेळ. रेल्वे या ठेवीचा उत्तम उपयोग करू देते. स्थानके बहुधा शहराच्या मध्यभागी असतात. विमानतळावरील दोन-तीन तासांची प्रतीक्षा टळते. गाडीत उठून चालता येते, स्वच्छतागृह जवळ असते आणि एखादी गाडी चुकली तरी प्रमुख मार्गांवर तासा-दोन तासांनी दुसरी मिळते.

तथापि काही भ्रम आधीच दूर केलेले बरे. तेथील गाड्या घड्याळाच्या काट्यावर चालतात असा आपला समज असतो. स्वित्झर्लंडच्या बाबतीत तो बराच खरा आहे. परंतु जर्मनीत २०२४ साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी सुमारे ६२ टक्के गाड्याच वेळेवर पोहोचल्या. म्हणून गाडी बदलावयाची असल्यास दोन गाड्यांमध्ये किमान पाऊण तासाचे अंतर ठेवावे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार गाडीस एक ते दोन तास उशीर झाल्यास तिकिटाच्या २५ टक्के आणि दोन तास वा अधिक उशीर झाल्यास ५० टक्के भरपाई मागता येते. काही अपवाद असले तरी तिकीट जपून ठेवावे.

दुसरे असे की, तेथे हमाल मिळेल असे गृहीत धरू नये. मधल्या स्थानकांवर गाडी दोन-तीन मिनिटेच थांबते. आपली बॅग आपणच उचलून डब्यात चढविता येईल एवढीच ती असावी. प्रत्येकी एक मध्यम बॅग आणि एक पाठपिशवी पुरे. चाकांची खुर्ची किंवा चढण्या-उतरण्यास मदत हवी असल्यास युरोपीय संघातील देशांत किमान २४ तास आधी रेल्वेस कळविल्यावर ती विनामूल्य मिळते.

मुक्काम थोडे, फेरफटके अधिक

पंधरा दिवसांत दहा शहरे पाहण्यापेक्षा तीन-चार ठिकाणी तळ ठोकून तेथून सकाळी जाऊन संध्याकाळी परतणे, हे ज्येष्ठांसाठी सर्वांत सोयीचे. सामान खोलीवर राहते, औषधांच्या वेळा पाळल्या जातात आणि थकवा आल्यास एक दिवस स्वस्थ बसता येते. स्वयंपाकाची सोय असलेली खोली घेतल्यास वरणभाताचा प्रश्नही सुटतो.

उदाहरणादाखल सोळा रात्रींचा एक आराखडा पाहू. पॅरिस येथे चार रात्री, स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न येथे पाच, ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथे तीन आणि व्हिएन्ना येथे चार. जाताना विमानाने पॅरिसला उतरावे आणि परतीचे विमान व्हिएन्नाहून घ्यावे, म्हणजे आल्या वाटेने मागे फिरण्याचा खर्च व श्रम वाचतात.

पॅरिसहून बाझलपर्यंत वेगवान गाडीने सुमारे तीन तास व तेथून ल्युसर्न सुमारे एक तास. ल्युसर्नहून बर्न एका तासावर, तर इंटरलाकेन सुमारे दोन तासांवर आहे. हा दुसरा मार्ग सरोवरांच्या काठाने आणि ब्र्युनिग खिंडीतून जातो. ल्युसर्नहून झुरिकमार्गे साल्झबर्ग हा या आराखड्यातील सर्वांत लांब, सुमारे सहा-सात तासांचा टप्पा होय. तो दिवसाच करावा, कारण आल्प्सचे दर्शन त्यातच घडते. साल्झबर्ग ते व्हिएन्ना अडीच तास. व्हिएन्नाहून स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा एका तासावर आहे.

व्हिएन्नाजवळील सेमरिंग घाटाची फेरी आपल्या वाचकांनी चुकवू नये. १८५४ साली पूर्ण झालेला सुमारे ४१ किलोमीटरचा हा लोहमार्ग १९९८ मध्ये जागतिक वारसा यादीत आला. आपल्या भोर घाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये आणि थळ घाटातील १८६५ मध्ये खुला झाला. डोंगर चढून जाण्याचा एकच प्रश्न एकाच काळात दोन खंडांत कसा सोडविला गेला, हे तेथे डोळ्यांनी पाहता येते.

प्रकृतीच्या दृष्टीने एक सूचना. इंटरलाकेनच्या वरच्या बाजूस असलेले युंगफ्राउयोख हे स्थानक ३,४५४ मीटर उंचीवर आहे. १९१२ पासून तेथे रेल्वे जाते आणि चढ काही तासांतच पूर्ण होतो. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा दमा असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय तेथे जाऊ नये.

स्थानकांविषयीही सावधानता हवी. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मुंबई सेंट्रल आणि लोकमान्य टिळक टर्मिनस ही जशी निरनिराळी, तशीच पॅरिसमध्येही दिशेनुसार स्थानके वेगळी आहेत. लंडनची गाडी गार द्यू नोर येथून, तर स्वित्झर्लंडची गार द लियाँ येथून सुटते. तिकिटावरील स्थानकाचे पूर्ण नाव आदल्या दिवशीच तपासावे. काही गाड्यांचे निम्मे डबे वाटेत वेगळे होऊन दुसरीकडे जातात. म्हणून डब्यावरील गंतव्य स्थानाची पाटी वाचूनच बसावे.

पास घ्यावा की सुटी तिकिटे?

युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी ‘युरेल’ हा पास १९५९ पासून उपलब्ध आहे. त्याचा सर्वदेशीय प्रकार ३३ देशांत चालतो आणि ६० वर्षांवरील प्रवाशांस त्यात १० टक्के सवलत मिळते. भारतीय रेल्वेची ज्येष्ठ नागरिक सवलत मार्च २०२० मध्ये स्थगित झाल्याची खंत असणाऱ्यांना हे ऐकून बरे वाटेल. तथापि सवलत आहे म्हणून पास फायद्याचाच ठरेल असे नाही. त्यासाठी पुढीलप्रमाणे हिशेब करावा.

१. ज्या दिवशी रेल्वेने जावयाचे ते दिवस मोजावेत. वरील आराखड्यात असे सात दिवस येतात : पॅरिस-ल्युसर्न, बर्न, इंटरलाकेन, ल्युसर्न-साल्झबर्ग, साल्झबर्ग-व्हिएन्ना, सेमरिंग आणि ब्रातिस्लाव्हा.

२. पासची किंमत दिवसांनी भागावी. समजा, सात दिवसांचा पास ३५० युरोस मिळाला, तर दररोजचा खर्च ५० युरो झाला. (हा आकडा केवळ रीत समजावी म्हणून धरला आहे.)

३. त्यात आरक्षणशुल्क मिळवावे. फ्रान्स, इटली व स्पेनमधील वेगवान गाड्यांत पास असूनही आरक्षण सक्तीचे असून त्यास वेगळे पैसे पडतात. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया व जर्मनीतील बहुतेक गाड्यांत ते सक्तीचे नाही.

४. प्रत्येक टप्प्याचे सुटे भाडे पाहावे. सेमरिंग व ब्रातिस्लाव्हा यांसारख्या जवळच्या फेऱ्यांचे भाडे दररोजच्या ५० युरोंहून कमी असल्यास त्या पासमधून वगळाव्यात आणि सातऐवजी पाच दिवसांचा पास घ्यावा.

५. तारखा निश्चित असतील तर लांबच्या टप्प्यांची तिकिटे दोन-तीन महिने आधी घेतल्यास पुष्कळ स्वस्त पडतात. मात्र अशी तिकिटे बहुधा बदलता येत नाहीत. पासमध्ये दिवस बदलण्याची मुभा असते. प्रकृतीमुळे बेत बदलण्याचा संभव असणाऱ्यांनी ही मुभाही हिशेबात धरावी.

केवळ स्वित्झर्लंडमध्ये अधिक दिवस राहणाऱ्यांनी तेथील निम्म्या भाड्याचे कार्ड आणि सलग दिवसांचा स्विस पास यांचीही तुलना करावी. पर्वतशिखरांवर जाणाऱ्या अनेक गाड्यांत पासावर प्रवास विनामूल्य नसून भाड्यात केवळ सवलत मिळते. लक्झेंबर्ग या लहान देशात तर २०२० पासून रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचा प्रवास सर्वांनाच मोफत आहे.

निधीची तजवीज

आता मुख्य विषयाकडे वळू. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण निवृत्तांना सर्वाधिक लागू पडते. कारण त्यांचे अंथरूण यापुढे फारसे वाढणारे नसते.

समजा, दोघांच्या प्रवासास आठ लाख रुपये लागणार आहेत आणि ते दरमहाच्या खर्चास व्याज देणाऱ्या ठेवींतून काढले. आठ टक्के व्याजदर धरल्यास वर्षाचे ६४,००० रुपये, म्हणजे दरमहा सुमारे ५,३०० रुपयांचे उत्पन्न कायमचे थांबले. प्रवास सोळा दिवसांचा, परंतु त्याचे देणे दर महिन्याच्या औषधांच्या आणि किराण्याच्या पैशातून पुढे चालत राहते. शिवाय ज्येष्ठ नागरिक बचत योजनेच्या खात्यातून हवी तेवढीच रक्कम काढण्याची सोय नाही. मुदतीपूर्वी खाते बंद करावे लागते. एक वर्षानंतर परंतु दोन वर्षांच्या आत बंद केल्यास मुद्दलाच्या दीड टक्का आणि दोन वर्षांनंतर बंद केल्यास एक टक्का रक्कम कापली जाते. म्हणून व्याजावर घर चालविणाऱ्या ठेवींना प्रवासासाठी हात लावू नये.

त्याऐवजी निवृत्तीस पाच वर्षे असतानाच स्वतंत्र आवर्ती ठेव सुरू करावी. दरमहा १०,००० रुपये, साडेसहा टक्के दर आणि तिमाही चक्रवाढ धरल्यास पाच वर्षांत सुमारे सात लाख दहा हजार रुपये जमतात. त्यांत मुद्दल सहा लाखांचे असते. जे आधीच निवृत्त झाले आहेत, त्यांनी रजा रोखीकरणाच्या रकमेचा ठरावीक भाग वेगळ्या मुदत ठेवीत ठेवावा आणि ती ठेव एकाच मोठ्या पावतीऐवजी लहान लहान पावत्यांत विभागावी. विमानाचे तिकीट, रेल्वे, निवास आणि दैनंदिन खर्च निरनिराळ्या महिन्यांत येतात. त्या त्या वेळी एकच पावती मोडता येते. अंदाजपत्रकात एकूण खर्चाच्या किमान १५ टक्के रक्कम आकस्मिक गरजेसाठी राखावी.

परकीय चलन आणि कर

रिझर्व्ह बँकेची उदारीकृत विप्रेषण योजना फेब्रुवारी २००४ मध्ये २५,००० डॉलरच्या मर्यादेने सुरू झाली. आज ती मर्यादा एका आर्थिक वर्षात प्रत्येक व्यक्तीस अडीच लाख डॉलर आहे. रोख परकीय चलन एका प्रवासास ३,००० डॉलरच्या मूल्यापर्यंत नेता येते. उर्वरित रक्कम कार्डावर घ्यावी. परतल्यावर २,००० डॉलरच्या मूल्यापर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात. त्याहून अधिक चलन १८० दिवसांत बँकेस परत करावे.

आपल्या आराखड्यातील फ्रान्स, ऑस्ट्रिया व स्लोव्हाकिया येथे युरो चालतो. स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक लागतो. स्थानकांवरील स्वच्छतागृहांसाठी अनेक ठिकाणी नाणी लागतात, ती जवळ असावीत. कार्डाने पैसे देताना यंत्र ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ असे विचारते. तेथे नेहमी स्थानिक चलनच निवडावे. रुपये निवडल्यास दुकानदाराच्या बाजूचा महागडा विनिमय दर लागतो.

कराविषयी दोन गोष्टी. परदेशी सहलीचे पॅकेज घेतल्यास पहिल्या रुपयापासून स्रोतावर कर गोळा केला जातो. स्वतः आखणी करून योजनेखाली चलन घेतल्यास एका आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांपर्यंत तो लागत नाही. त्याचे दर अर्थसंकल्पागणिक बदलत आले असल्याने चालू दर शाखेत विचारावा. असा गोळा झालेला कर बुडत नाही. विवरणपत्र भरून तो करदेयतेत वळता करता येतो किंवा परत मागता येतो. दुसरी गोष्ट, वर्षभरात परदेशप्रवासावर दोन लाख रुपयांहून अधिक खर्च केलेल्या व्यक्तीस, उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असले तरी, विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे.

व्हिसा आणि विमा

शेंगेन व्हिसा २९ देशांत चालतो. त्यावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. ब्रिटनचा व्हिसा वेगळा. ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्या देशाकडे अर्ज करावयाचा असतो. आपल्या आराखड्यात ऑस्ट्रियातील सात रात्री होतात, म्हणून उतरणे पॅरिसला असले तरी अर्ज ऑस्ट्रियाकडे करावा लागेल. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. अर्जासोबत बँकेचे खातेउतारे लागतात. अर्जापूर्वी खात्यात एकाएकी मोठी रक्कम भरणे संशयास्पद वाटते. नियमित जमा होणारे निवृत्तिवेतन आणि जुन्या ठेवींच्या पावत्या हाच विश्वासार्ह पुरावा होय.

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक आहे. परंतु केवळ व्हिसापुरता स्वस्त विमा घेणे ज्येष्ठांच्या अंगाशी येऊ शकते. मधुमेह, रक्तदाब, पूर्वीची शस्त्रक्रिया यांची माहिती अर्जात स्पष्ट द्यावी आणि पूर्वीपासूनच्या आजारांना संरक्षण आहे किंवा नाही, हे पॉलिसीत वाचून घ्यावे. माहिती दडविल्यास दावा नाकारला जाऊ शकतो आणि परदेशातील रुग्णालयाचे देयक आयुष्यभराची पुंजी संपवू शकते. औषधे पूर्ण मुदतीची, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातील पिशवीत ठेवावीत.

निघण्यापूर्वी शाखेतील कामे

पुष्कळ घरांत बँकेचे सर्व व्यवहार पतीच पाहतो. पत्नीचे नाव खात्यावर असते, परंतु तिचे कार्ड कपाटात आणि त्याचा पिन पतीच्या डायरीत असतो. परक्या देशात पतीस रुग्णालयात ठेवण्याची वेळ आली, तर खात्यात लाखो रुपये असूनही त्या गृहिणीस टॅक्सीचे भाडे देता येणार नाही. म्हणून पुढील कामे दोघांनी मिळून करावीत.

— दोघांच्या नावे स्वतंत्र कार्डे घ्यावीत आणि ती वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावीत. पत्नीने निघण्यापूर्वी जबलपुरातच ते कार्ड आठ-दहा वेळा स्वतः वापरून पाहावे.

— कार्डावरील परदेशी व्यवहारांची सोय सुरू करून मर्यादा ठरवून घ्यावी आणि परतल्यावर ती बंद करावी. ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डे केवळ देशांतर्गत वापरासाठीच चालू करून दिली जातात.

— खात्याशी जोडलेला मोबाईल क्रमांक परदेशात चालू राहील याची खात्री करावी. अन्यथा ओटीपी येणार नाही. तो कोणासही सांगू नये.

— ठेवींवर ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात’ ही सूचना व नामनिर्देशन आहे का, हे तपासावे.

— निवृत्तिवेतनधारकांनी नोव्हेंबरमधील हयातीचा दाखला ध्यानात ठेवून तारखा ठरवाव्यात. ८० वर्षांवरील व्यक्तींना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो.

— कार्ड हरविल्यास ते बंद करण्याचा क्रमांक, विमा पॉलिसीचा क्रमांक आणि पारपत्राची प्रत मुलांकडेही द्यावी.

समारोप

बचत करणे ही आपल्या पिढ्यांची सवय आहे आणि ती चांगलीच आहे. परंतु बचतीचा हेतू केवळ साठविणे हा नसून योग्य वेळी योग्य कारणासाठी खर्च करणे हाही आहे. पायांत बळ आहे आणि सोबतीला जोडीदार आहे, तोवरचा काळ मुदत ठेवीसारखा नूतनीकरण करून वाढविता येत नाही. ज्यांना युरोप पाहावयाचा आहे त्यांनी तो ‘पुढे कधीतरी’ वर टाकू नये. मात्र व्याजाच्या ठेवी मोडून घाईनेही जाऊ नये. आजच एक कागद घ्यावा, मुक्काम लिहावेत, रेल्वेचे दिवस मोजावेत आणि खर्चाची बेरीज करावी. तो कागद घेऊन दोघांनीही शाखेत यावे. ठेवीची मुदत आणि प्रवासाची तारीख यांचा मेळ घालून देण्यास तेथील अधिकारी निश्चितच साहाय्य करतील. प्रवासास मनःपूर्वक शुभेच्छा!